तळमजल्याचं बटण

टक्.

दुपारचं घर इतकं गप्प होतं की तेवढ्या आवाजानेही तिची झोप मोडली. रात्रभर प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासून ती सकाळी उशिरा कुठे आडवी झाली होती. पुन्हा टक्. पलीकडच्या खोलीत नवरा विमान उडवत होता. कॉम्प्युटरवरचं. बटणं मात्र खरी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि भंगारात निघालेल्या लिफ्टची बटणं आणून घरी फळीवर बसवायचा.

ती कूस बदलणार, तेवढ्यात लेकीचा आवाज आला.

"इं-ध-न... इंधन माग-च्या टाकीत."

"इंधन मागच्या टाकीत." टक्. "पुढे, पायलटबाई?"

"पंख... मा-गे."

ती उठूनच बसली. लेक वाचत होती! पहिलीच्या बाईंनी तीनदा बोलावून सांगितलं होतं, पोरगी पुस्तकाला हात लावत नाही. आणि इथे, अडखळत का होईना, ओळीमागून ओळ. वाटलं, पळत जाऊन दोघांचे मुके घ्यावेत. पण आपण दिसलो तर थांबेल, म्हणून ती पलंगाच्या कडेवर श्वास धरून बसून राहिली.

"बाँ-ब-ची दा-रं उघ-डी. बाबा, हे काय असतं?"

"याच्या पोटाला दारं असतात. उघडली बघ. आता शेवटची ओळ."

"ल... लक... बाबा, जोडाक्षर आहे!"

"लक्ष्य."

"लक्ष्य, पा-ण्या-ची टाकी. दाबू?"

"दाब."

ती दारात पोचेपर्यंत टक् झालं होतं.

लेक दोन उशांवर बसली होती. कानांवर बाबाचा हेडफोन, एका हातात कागद, दुसऱ्या हाताचं बोट अजून गोल बटणावर. बटणावर लिफ्टमधली अक्षरं तशीच होती. तळमजला.

"उठलीस? ऐकलंस ना?" तो नुसता फुलला होता. "यादी मी मोठ्या अक्षरांत लिहून दिली. सतरा ओळी! एकदाच अडली."

ती पडद्याकडे बघत होती. खूप खाली त्यांचंच गाव होतं. पूल, शाळा, तिची प्रयोगशाळा, टाकी. सहा महिने तो ते बनवत होता. भिंतीभिंतीचे फोटो तिने काढून दिले होते, दिवसपाळी असताना जेवणाच्या सुट्टीत, उन्हात, गल्ल्या पालथ्या घालून. लेकीला आपल्या छपरावरून फिरवून आणू, असं तो म्हणाला होता.

"टाकीला लागून माझी आई राहते."

"अगं, वरून टाकी चटकन दिसते म्हणून..."

"एवढ्या जगात दुसरी जागा नाही सापडली?"

"बाकी सगळीकडे नुसती करडी जमीन आहे गं. बारकावे आहेत ते फक्त आपल्या गावाला."

"मी काढून दिले म्हणून."

"तेच तर म्हणतोय!"

तिची कानशिलं तापली. "कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर तुला पोचायला दोन तास लागतात. आणि इथे एका बोटात गाव?"

"पंख मागे मुडपले की आवाजाच्या दुप्पट वेग आहे याचा. चार सेकंदांत सगळं गाव मागे..." तिचा चेहरा बघून तो थांबला. "खेळ आहे. यात बाँब फुटतसुद्धा नाहीत. सुटतात आणि नाहीसे होतात. खाली काही म्हणजे काही होत नाही."

"वाचायला शिकवायला तुला हेच मिळालं?"

"मी वाचायला शिकवलं तरी."

ते नेमकं लागलं. तिने लेकीच्या कानांवरचा हेडफोन ओढून काढला. त्यात केस अडकले, पोरगी कळवळली. तरी तिचा हात थांबला नाही. लेकीच्या मुठीतला कागद तिने हिसकला आणि उभा फाडला. सतरा ओळी. प्रत्येक ओळीखाली रंगीत खडूने रेघ मारलेली होती, बोट कुठवर आलं ते कळावं म्हणून.

लेक रडली नाही. हातात उरलेल्या कपट्याकडे बघत राहिली.

"वेडी आहेस का तू? तिने पहिल्यांदा वाचलेला कागद आहे तो," तो म्हणाला.

"म्हणूनच फाडला."

"थांब. डोळ्यांनीच बघ, म्हणजे पटेल."

त्याने विमान हवेत थांबवलं आणि कॅमेरा खाली सोडला. ढगांतून, छपरांवरून, टाकीच्या शिडीला घासून.

"ही टाकी. हललीये का जागची? आणि ही बघ तुझी आई."

टाकीमागच्या घराच्या खिडकीत आई उभी होती. फोटो काढताना तिनेच रस्त्यावरून हाक मारली होती, आणि आई ओला हात पुसत खिडकीशी आली होती. त्याने ती भिंत होती तशी चिकटवली होती. खिडकीसकट, आईसकट. तोंड पुसट. एक हात वर.

"झालंय काही?" तो म्हणाला.

तिने फाटलेले तुकडे मुठीत चुरगाळले.

लेक उशांवर गुडघे टेकून उभी राहिली आणि पडद्याला नाक लावून बघू लागली. मग तिने मान वळवली. बाबाकडे नाही, आईकडे.

"आई, आजी आपल्याला हात हलवतेय," ती म्हणाली. "आपलं विमान खोटं आहे, हे तिला कसं कळलं?"