भामाबाईची सावली

"विटाळ-बिटाळ काही नाही, हवालदार. ही रोपं तुमच्याच पाण्यानं मेलीत."

शेतीखात्याच्या साहेबानं वाफ्यातलं मिरचीचं रोप उपटून लालासाहेबांच्या तळहातावर ठेवलं. मातीलगतचं देठ काळं पडून दोऱ्यासारखं बारीक झालं होतं. वरची पानं अजून हिरवी होती.

लालासाहेबांचं तोंड उतरलं. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर यंदा विहीर काठोकाठ भरली होती. फौजेतून पेन्शनीवर आलेल्या या गड्यानं हौसेनं बी दाट टाकलं आणि रोज दिवस मावळताना वाफे तुडुंब भरले. पाण्यासाठी तरसलेल्या माणसाला पाणी जास्त होतं हे कुठलं कळायला! रोपं माना टाकायला लागली तेव्हा त्यांनी पाण्याकडं बघितलंच नाही. बायांकडं बघितलं.

विटाळशीची सावली पडली की रोपं जळतात, असं सगळा गाव म्हणायचा. आठ दिवसांपूर्वी त्यांनी भांगलणीच्या बायांना बांधावर हजेरीसारखं ओळीनं उभं केलं. त्यात त्यांची नवी सूनही होती.

"सावली कुणाची पडली? बोला! जी आसंल तिनं ह्या रानात पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाई. घरातली आसली तर आजच म्हायेरची वाट धरायची!"

सगळ्या खाली बघत राहिल्या. मग भामाबाई पुढं आली. लालासाहेबांच्या आईच्या हाताखाली तिनं याच रानात खुरपं धरलं होतं.

"माझी पडली, मालक."

लालासाहेब तोंडाला येईल ते बोलले. चारचौघांत बोलले. भामाबाईनं खुरपं बांधावर ठेवलं, पदर सावरला आणि ती निघून गेली. रोपं त्यानंतरही मरतच राहिली. तेव्हा तरी डोळे उघडायचे! पण हवालदाराची अक्कल गहाण पडली होती.

साहेब उपाय सांगत होता. मेलेली रोपं उपटून जाळा, पाणी सकाळी बेतानं द्या, उरलेल्यांच्या मुळाशी मोरचूद-चुन्याचं पाणी घाला. लालासाहेब "व्हय, व्हय" म्हणत होते. त्यांचं लक्ष बांधावर गंजत पडलेल्या त्या खुरप्याकडं होतं.

साहेब गेल्यावर त्यांनी ते उचललं आणि भामाबाईच्या घराची वाट धरली. लाजेनं मान वर होत नव्हती. कुणी रामराम घातला तरी ते पुटपुटून पुढं सटकत होते.

भामाबाई दारात जोंधळे पाखडत बसली होती. त्यांना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"भामाक्का, चूक माझी हुती," लालासाहेब खुरपं पुढं करत म्हणाले. "पान्यानं रोपं मेली. तुझ्या विटाळानं न्हाई. माझ्या जिभंला हाड न्हवतं बघ. उद्यापास्नं ये."

भामाबाईनं डोईवरचा पदर मागं सारला. एकही केस काळा नव्हता.

"आवं मालक, माझा विटाळ जाऊन पंधरा वर्सं झाली."

लालासाहेबांनी तिच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं.

"मग तवा पुढं का आलीस?"

तिनं त्यांच्या हातातून खुरपं घेतलं आणि पदरानं त्याचा गंज पुसला.

"तुमी दम भरला, तवा सूनबाईचं पाय लटलटा कापत हुतं."