पोट भरलेले आढळले

चौकशीचे साहेब गोठ्याच्या दारातच थांबले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. जनावरांचे सरकारी डॉक्टर निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले होते, म्हणून कार्यालयानं आस्थापना शाखेतून यांना पाठवलं होतं. रजेचे अर्ज तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हैस मात्र इतक्या जवळून ते पहिल्यांदाच बघत होते.

बेडश्याच्या अलीकडं राजेंद्रशेठचा हा चाळीस म्हशींचा गोठा. इथलं दूध लोणावळ्याच्या रिसॉर्टांना जातं. दाराच्या एका बाजूला 'आमच्या म्हशी आनंदी आहेत' अशी जुनी पाटी होती. दुसऱ्या बाजूला 'फोटो व व्हिडिओ काढण्यास सक्त मनाई' अशी नवी. तिचा रंग अजून हाताला लागत होता.

नवी पाटी सारिकामुळं लागली होती. सारिका इथं शेण काढायला असायची. मागच्या आठवड्यात तिनं गुपचूप फोनवर एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. मागच्या खोलीत आखूड दोरानं बांधलेलं नराचं रेडकू, कपाळावर पांढरा चांद, अंगावर नुसत्या बरगड्या, आणि ते ओली भिंत चाटतंय. आईचं दूध बादलीत जायचं. नराला पाजून पुढं उपयोग काय, असा शेठचा साधा सवाल होता. व्हिडिओ आधी गावभर आणि मग पुण्यापर्यंत गेला. शेठनं उलट तक्रार दिली, की रेडकू ठणठणीत आहे, बाई खोटं पसरवते, आणि तेही चोरून काढून. साहेबांनी फक्त रेडकू बघून लिहायचं होतं. ते ठणठणीत निघालं, तर सारिकावर गुन्हा दाखल होणार होता. काम तर जाणारच होतं.

"कुठंय ते?" साहेबांनी रुमालाआडून विचारलं.

शेठनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक म्हैस मान वाकवून पुढ्यातल्या रेडकाला चाटत होती. "हेच ते, साहेब. कपाळावरचा चांद जुळवून घ्या."

शेठ खोटं बोलत नव्हता. ते तेच रेडकू होतं. फक्त मंगळवारी ते मेलं होतं. पिल्लू पुढ्यात नसलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायची रीत जुनी आहे. कातडं सोलायला शेठनं आधी सारिकाच्या सासऱ्यांना, भिमाजीआबांना, बोलावणं धाडलं. आबांनी निरोप दिला, की ते काम आमच्या घरातनं छप्पन साली गेलं, तुमाला कळवायचं राहिलं असंल. मग शेठनं फोनवर व्हिडिओ बघत बघत ते स्वतःच केलं. फोनचा एवढा उपयोग गोठ्यात मान्य होता. शिवण जरा वाकडी आली.

"उठत नाही का ते?"

"आत्ताच पोटभर झालंय, साहेब."

"साहेब, हात लावून बघा," सारिका मागून म्हणाली. "मेलंय ते."

साहेबांनी हातातला आदेश वाचला. त्यात 'पाहणी' असा शब्द होता. हात लावण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. तरी माणूस अगदीच वाईट नव्हता. दोन पावलं पुढं होऊन त्यांनी रेडकाच्या पोटाला पेनानं हळूच टोचलं. आत करकरलं. पेन मागं घेतलं, तेव्हा टोकाला पेंढ्याची काडी आली होती. साहेबांनी काडीकडं पाहिलं. शेठकडं पाहिलं. मग बाहेर उभ्या असलेल्या शेठच्या गाडीकडं पाहिलं. तीच त्यांना स्टेशनवरून घेऊन आली होती आणि तीच परत सोडणार होती. त्यांनी पेन रुमालाला पुसलं आणि त्याच पेनानं लिहिलं, 'रेडकू समक्ष पाहिले. पोट भरलेले आढळले.'

त्यावर शेठला कंठ फुटला. गोठा आपला, म्हैस आपली, पगार आपण द्यायचा आणि बाईनं चोरून शूटिंग करायचं. आज गोठ्यात शिरली, उद्या स्वयंपाकघरात शिरेल. हे कायद्यानंच बंद केलं पाहिजे, असं तो बराच वेळ साहेबांना सांगत राहिला. साहेब माना डोलवत होते. मग तो सारिकाकडं वळला. "काढायचंच हुतं, तर मला इचारून काढायचं."

सारिकानं पदराला हात पुसले. "चुकलंच, शेट. इचारलं असतं, तर त्या दिवसापुरतं तरी त्याला पाजलं असतंत."

शेठ म्हशीकडं बघू लागला.

साहेबांनी खोट्या व्हिडिओबद्दलची नोटीस सारिकाला दिली, मिळाल्याची सही घेतली आणि व्हिडिओ समोरच पुसायला सांगितला. तिनं पुसला. एकोणीस सेकंद पुसायला एक सेकंदही लागला नाही.

निघता निघता साहेबांच्या लक्षात आलं, की अहवालाला फोटो जोडावा लागतो. त्यांचा फोन बंद पडून गाडीत चार्जिंगला होता. शेठनं आपला पुढं केला, पण तक्रारदाराच्याच फोनवरचा फोटो नियमात बसेना. राहिली सारिका. साहेबांनी तिला काढायला सांगितला. आता परवानगी होती.

सारिकानं फोन समोर धरला. म्हैस रेडकाचा कान चाटत होती. चाटून चाटून त्या कानावर केस उरले नव्हते. तिच्या सडांतून दूध आपसूक ठिबकत होतं.

"पिल्लाला हलू देऊ नका," साहेब ओळखपत्रांच्या फोटोंच्या सवयीनं म्हणाले. "फोटो खराब येतो."

"न्हाई हलनार, साहेब," सारिका म्हणाली.