भिंतीच्या पोटातली ब्लेडं

तिला बायकांचे जुने रेझर जमवायचा नाद होता. पण नव्याने हाती लागलेल्या, शिंपल्याच्या मुठीच्या इवल्याशा रेझरला कुठलंच ब्लेड बसेना.

"त्याची ब्लेडं बंद होऊन जमाना झाला, ताई," दुकानदार म्हणाला.

"त्याला आणि तुला, दोघांनाही आता कोण विचारतंय," घरी हे ऐकून नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

बाथरूमच्या आरशाखाली एक बारीक फट होती, वापरलेली ब्लेडं भिंतीच्या पोटात टाकायला. दुसऱ्या सकाळी त्या फटीतून एक ब्लेड अर्धं बाहेर आलेलं दिसलं. कोरं, मेणकागदात गुंडाळलेलं. रेझरला ते चपखल बसलं.

मग रोजच एक येऊ लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. ऐकून घेणारं घरात होतं कोण? काल मात्र नवऱ्याचं बोलणं फारच जिव्हारी लागलं, तेव्हा ती फटीला तोंड लावून पुटपुटली, "यांनाही पोटात घे एकदाचं."

आज आलेलं ब्लेड वापरलेलं होतं. त्यावर ओला फेस होता आणि दाढीचे पांढरे खुंट.

हॉलमधून पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"अहो," तिने हाक मारली.

"काय गं?" उत्तर फटीतून आलं.

हॉलमध्ये पानं उलटतच होती.