उडालेलं पाणी

वाळवंटाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या ग्लेनिसच्या अंगणात हवामान खात्याचा पत्र्याचा उघडा हौद होता. उन्हानं रोज किती पाणी उडतं, ते मोजून ती कळवायची.

"मावशी, तुमच्या आकड्यांनी माझ्या नकाशाची पार वाट लावलीय," ॲडलेडहून आलेला हवामान खात्याचा ट्रेव्हर म्हणाला. "आजूबाजूला उडतं त्याच्या दुप्पट पाणी तुमच्याकडे उडतंय. हौद गळतोय की कांगारू पितात?"

"गळत नाही, आणि वर जाळी आहे. बस इथे, तूच बघ."

त्यानं हौद काठोकाठ भरला आणि ओसरीत बसून राहिला. दुपारी वारा पडला. पाखरूही फिरकलं नाही. तरी जाळीखालचं पाणी हललं, आणि कुणी घोट घ्यावेत तसं थांबून थांबून खाली जाऊ लागलं.

ट्रेव्हर ताडकन उठला. ग्लेनिसनं त्याचा हात धरला.

"ओरडू नकोस रे. दचकतो तो."

"कोण?"

"माझा नवरा, मर्व्ह. गाडी बंद पडली म्हणून वाळवंटातून चालत निघाला होता. त्या कुंपणापाशी तहानेनं गेलेला सापडला आम्हाला. तेवढंच अंतर राहिलं होतं."

 ट्रेव्हरनं बादली उचलली आणि नळ सोडला.