जास्तीचं ताट

१९६१ साल. पानिपताला दोनशे वर्षं झाली होती. संक्रांतीच्या दिवशी भर दुपारी सुमित्राकाकू पितळी डबा पोटाशी धरून एका पडक्या मशिदीच्या दारात उभ्या होत्या. चपला काढाव्यात की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी काढल्या. मागे उभ्या असलेल्या पुतण्याने आणि पुतसुनेनेही काढल्या.

पुतण्या दिनकर दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होता. सकाळी तो आणि त्याची बायको नीला काकूंना घेऊन करोल बागेतून मराठी मंडळींच्या बसने काला अंबला, पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाला, आले होते. तिथे भाषणं झाली, हार घातले गेले. काकूंनी डबा उघडलाच नाही. "इथे सगळे उभे आहेत. जेवायला बसलंय कोण?" असं म्हणून त्या बाहेर पडल्या. तेव्हा एक टांगेवाला म्हणाला, "माताजी, दक्खन के हो? फिर तो एक जगह और है."

डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या. त्या विष्णूच्या. विष्णू काकूंच्या सासरचा, एकोणीस वर्षांचा. दोनशे वर्षांपूर्वी सिन्नरहून फौजेबरोबर निघाला तो परत आला नाही. गेल्याची बातमीही आली नाही, म्हणून त्याचं श्राद्ध कधी घातलं नाही. दर संक्रांतीला त्याचं एक ताट जास्तीचं वाढायचं, दिवस मावळेपर्यंत वाट बघायची, मग ते गाईला घालायचं. सात पिढ्यांच्या सुनांनी हे केलं. काकूंना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे ताट वाढणारं कुणी नाही, म्हणून या वर्षी ते त्याच्यापर्यंत पोचवायचं आणि सुटायचं, असं ठरवून त्या आल्या होत्या.

"काकू, दोनशे वर्षांत त्यांची भूक मेली असेल हो," नीला टांग्यात म्हणाली होती.

"त्याची मेली असेल. वाढणारीची मरत नाही."

मशिदीचा घुमट कधीच कोसळला होता. तीन कमानी मात्र ताठ उभ्या होत्या. मधल्या कमानीतून आत पाहिलं की पडक्या भिंतीपलीकडे फुललेली मोहरी दिसे, पिवळीजर्द, आभाळापर्यंत. वरून पोपटांचा थवा गेला, आणि मग इतकी शांतता झाली की नीलाने नकळत डोक्यावर पदर घेतला. अंगणात वीसेक कबरी होत्या. विटा सुटलेल्या, गवत माजलेलं. सगळ्या उत्तर-दक्षिण. कोपऱ्यातली एकच त्यांना आडवी होती. तिच्याभोवतीची जमीन सारवलेली होती आणि उशाशी फडक्याने झाकलेलं एक ताट होतं.

शेजारी घागरा नेसलेली एक म्हातारी बसली होती. तिने काकूंच्या नऊवारीकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"दक्खन से आई हो?" ती म्हणाली. "बडी देर कर दी."

तिचं नाव भतेरी. तिने सांगितलं ते दिनकर काकूंना मराठीत सांगत गेला. लढाईनंतर एक जखमी पोरगा रांगत या मशिदीत आला होता. मौलवींनी त्याला लपवलं. त्याचं नाव कुणाला कळलं नाही, बोली कळली नाही. तो दक्षिणेकडे बोट दाखवी आणि काहीतरी म्हणे. मौलवींच्या घरच्यांनी अर्थ लावला, माझी माणसं न्यायला येतील. सतरा दिवस जगला. चितेचा धूर शत्रूच्या घोडेस्वारांना दिसला असता, म्हणून मौलवींनी त्याला इथेच पुरलं. पण तोंड मक्केकडे केलं नाही.

"मुँह दक्खन को कर दिया," भतेरी म्हणाली. "घर उधर था ना."

तेव्हापासून मौलवींच्या घरात दर संक्रांतीला एक ताट जास्तीचं निघे. त्याला न्यायला येईल, त्या पाहुण्यासाठी. सत्तेचाळीस साली फाळणीत ते घर मुलतानला गेलं. गाडीत बसायच्या आधी त्या घरच्या सुनेने आपलं ताट शेजारणीच्या, भतेरीच्या, हातात दिलं. कुणी आलं तर उपाशी जायला नको. चौदा वर्षं भतेरी ते मांडत होती.

दिनकर हळूच म्हणाला, "काकू, पण नावच माहीत नाही. हा आपला विष्णू कशावरून?"

"वाट बघत होता ना?" काकू म्हणाल्या. "मग आपलाच."

त्यांनी डबा कबरीपाशी टेकवला, क्षणभर डोळे मिटले. मग एक पोळी कबरीवर ठेवली आणि बाकीच्या भतेरीच्या ओंजळीत दिल्या. मांडी घालून बसल्या आणि झाकलेलं ताट पुढे ओढलं. तुपातला चुरमा होता, थंडीने थिजलेला. सोवळं पाळणाऱ्या काकूंनी तो कबरीशेजारी बसून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. उठताना भतेरीने ते ताट पुसून त्यांना देऊ केलं. काकूंनी ते कपाळाला लावलं आणि नीलाकडे दिलं.

त्या वर्षी पितृपक्षात सिन्नरला विष्णूचं पहिलं श्राद्ध झालं. पुढच्या संक्रांतीला काकूंनी आपल्यापुरतंच वाढून घेतलं. आणखी तीन वर्षांनी त्या गेल्या. भतेरी एकाहत्तर साली गेली. रस्ता रुंद झाला तेव्हा मशिदीच्या दोन कमानी पाडल्या. तिसरी आणि आडवी कबर अजून आहेत. दिनकर अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाला आणि मुलाच्या गुरुग्रामच्या घरी, चौदाव्या मजल्यावर, शांतपणे गेला.

नीला आता शहाऐंशी वर्षांची आहे. दर संक्रांतीला ती माळ्यावरून ते जुनं ताट काढायला लावते, त्यात गुळाची पोळी वाढते आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. मुलतानहून कुणी आलं, तर उपाशी जायला नको.