दिगंबररावांचं नवं सॉफ्टवेअर

फोटो, सिनेमे आणि गेल्या वर्षी वारलेले दिगंबरराव, सगळे टीव्हीशेजारच्या एकाच डिजिटल स्टोरेजच्या डब्यात होते. सकाळी डबा दिगंबररावांच्या आवाजात म्हणाला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, वसुधा! किती छान दिसतेस!"

वसुधाताई भडकल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला माझा वाढदिवस एकदाही आठवला नाही! केतकी, हे कंपनीचं सॉफ्टवेअर काढ आणि ते फुकटवालं टाक."

"आई, काही चुकलं तर बाबाच पुसले जातील," लेक म्हणाली.

"हे तरी कुठे तुझे बाबा आहेत?"

केतकीने सॉफ्टवेअर बदलायला घेतलं, त्याला तासभर लागला. वसुधाताई पदर पिळत बसल्या. अखेर हिरवा दिवा लागला.

"अहो, आज काय आहे, आठवतंय का?"

"गुरुवार. का गं? आणि टाकी वाहतेय, पंप कोण बंद करणार?"

वसुधाताईंनी डोळे पुसले. "आले गं तुझे बाबा!"