धुतलेली साडी

रेस्क्यू सेंटरवरून भगवंत घरी आला की त्याच्या अंगाला पिंजऱ्यांचा वास यायचा. साधनाला त्याची सवय होती. पण त्या दिवशी त्याच्या पिशवीत तिला तिचीच हरवलेली साडी सापडली. साडीला दुधाचा वास येत होता आणि लांब, काळेभोर केस चिकटले होते. साधनाचे केस तर केव्हाच पांढरे झाले होते.

तिनं ती साडी साबण लावून दगडावर आपटून आपटून धुतली आणि सकाळी गुपचूप पिशवीत ठेवून दिली. जी कोणी असेल तिला कळू दे, घरात बायको आहे.

संध्याकाळी भगवंत उतरलेल्या चेहऱ्यानं आला.

"साडी तू धुतली काय?"

"काहून? तिले आवडली नाही?"

"नाही ना. हुंगली अन् फेकून देली. दिवसभर बाटलीले तोंड नाही लावलं."

"बाटलीले?"

"अस्वलाची पोर हाय. माय मेली तिची. तुया अंगाचा वास आला का साडीले चिपकते, मंगच दूध पेते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"अस्वलाले साडी देली असती तू?"

साधना आत गेली. दिवसभर नेसलेली साडी बदलून तिनं ती त्याच्या हातात दिली. मग त्याच्या खांद्यावरचा एक काळा केस उचलून उजेडात नीट पाहिला.

"आत्ताच नेऊन द्या," ती म्हणाली. "अन् थांबा, मीबी येतो संगं. पोरीले मायचं तोंड तरी पाहू द्या."